मुकादमिणीची चोच

आत्याच्या कोंबड्यांमध्ये सगळ्यात म्हातारी होती ती मुकादमीण. करड्या रंगाची, मानेवर पांढरे ठिपके, आणि चालताना मान एका बाजूला कलती करून बाकीच्यांकडे बघायची सवय. कोण कुठे उकरतंय, कोण नुसतंच उभं आहे, यावर तिचं बारीक लक्ष असायचं. आत्या पूर्वी ज्या फण्यांच्या कारखान्यात कामाला होती तिथले मुकादम असेच मान वाकडी करून बाकांमधून फिरायचे, म्हणून तिचं हे नाव. अंडी देणं तिने केव्हाच सोडलं होतं. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "मग हिला ठेवलीय कशाला?" तर आत्या म्हणाली, "जावईबापू, मुकादमाला कधी काम करताना पाहिलंय का कुणी?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे तिला विचारायची आमच्या घरात कुणाची छाती झाली नाही. खालच्या दोन खोल्यांत ती राहते, वरच्या मजल्यावर मी आणि माझा नवरा. मागच्या दारी छोटं अंगण आणि त्याच्या कोपऱ्यात जुन्या कपाटाच्या फळ्यांचं खुराडं. एके काळी त्यात पाय ठेवायला जागा नसायची. हे घडलं तेव्हा मुकादमीण आणि दोन तरण्या कोंबड्या एवढ्याच उरल्या होत्या.

थंडी ओसरत आली होती. एका सकाळी मी कपडे वाळत घालायला खाली आले, तर आत्या स्टुलावर बसून मुकादमिणीकडे टक लावून बघत होती.

"हिला काहीतरी झालंय," ती म्हणाली. "दाणा टिपते आणि दाणा तिथंच."

मी पाहिलं. मुकादमीण गव्हाच्या दाण्यावर नेम धरून चोच मारायची, दाणा उडून बाजूला पडायचा, ती पुन्हा नेम धरायची. तेवढ्यात तरण्यांपैकी एक येऊन तो दाणा उचलून न्यायची. मुकादमीण मान वाकडी करून तिच्याकडे बघायची, पण त्या बघण्यात पूर्वीचा दरारा नव्हता.

"डोळे गेले असतील," मी म्हणाले. "वय झालं तिचं."

"वय झालं की सगळं डोळ्यांवर ढकलायचं," आत्या म्हणाली. तिने उठून कोंबडीला अलगद काखेत घेतलं आणि पोटाखाली हात घातला. "बघ, छातीचं हाड कसं बोचतंय. कितीतरी दिवस उपाशी आहे ही, आणि मी रोज दाणे टाकून खुशाल आत जाते."

मग तिने कोंबडीचं तोंड उजेडाकडे वळवलं. वरची चोच वाढून खालच्या चोचीच्या बरीच पुढे गेली होती, आणि नुसती पुढे गेली नव्हती तर टोकाशी वळून डाव्या बाजूला सरकली होती. बिघडलेल्या कात्रीची पाती एकमेकांना चुकवतात तशा त्या दोन चोची एकमेकींना चुकवत होत्या. शेपटीजवळची पिसं मळून विस्कटली होती. चोचच जुळत नाही तर अंग साफ करणार कशाने?

आत्या आत जाऊन नेलकटर घेऊन आली. मला म्हणाली, "धर." मी कोंबडी धरली, म्हणजे धरल्यासारखं केलं, मला लहानपणापासून पिसांखालची ती धडधड सहन होत नाही. आत्याने टोकाचा एक तुकडा धरला आणि दाबला. कट्ट असा आवाज झाला, मुकादमीण किंचाळली, माझे हात सुटले, आणि अंगणाच्या फरशीवर रक्ताचे थेंब पडत गेले.

रक्त फार नव्हतं. आत्याने तिला पकडून चोचीला चिमूटभर पीठ दाबून धरलं आणि थोड्या वेळाने ते थांबलंही. पण आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती बराच वेळ कोंबडीला मांडीवर घेऊन बसली. नेलकटर तिने अंगणात फेकून दिला होता, तो मी नंतर कुंडीमागून शोधून काढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही झाकणाच्या टोपलीत मुकादमिणीला घालून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. बसायच्या खोलीत सगळे कुत्रेवाले. एक बाई आपल्या कुत्र्याला कडेवर घेऊन बसली होती. तिने टोपलीकडे बघून विचारलं, "मांजर का?" आतून मुकादमिणीने घसा खाकरल्यासारखा आवाज केला. बाई जरा सरकून बसली.

डॉक्टर तरुण मुलगी होती, पण हात सरावाचे होते. तिने कोंबडीला टॉवेलमध्ये असं गुंडाळलं की फक्त डोकं बाहेर राहिलं, आणि मुकादमीण एकदम शांत झाली. डॉक्टरने तोंड उघडून आत पाहिलं, पिसं उलटी करून कातडी पाहिली, मग चोच दिव्यासमोर धरली.

"हे बघा आजी. हा गडद भाग दिसतोय ना, तो जिवंत. त्यात रक्त असतं. त्याच्या पुढचं जे पारदर्शक आहे, ते मेलेलं, तेवढंच काढायचं. एकदम कापायचं नाही, घासायचं. आज थोडं, आठवड्याने थोडं. आपण घासत गेलो की आतला जिवंत भागही हळूहळू मागे सरतो."

"पण वाकडी कशाने झाली?"

"म्हातारपणी होतं असं. दगडामातीत चोच घासली जात नसेल तर वाढत जाते. दाणे कशात देता?"

प्लास्टिकचं छान गोल भांडं माझ्या नवऱ्याने आणलं होतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि ते कुणी आणलं हे मात्र सांगितलं नाही.

"अंगणात एखादी खरखरीत वीट ठेवा, तिच्यावर दाणे टाका. तोवर खोल वाडग्यात भरडा भिजवून द्या, म्हणजे तिला उपसून खाता येईल. बाकीच्यांपासून वेगळं खायला घाला. आणि घासायला जमणार नसेल तर माझ्याकडे आणत जा. मी करून देईन." डॉक्टरने बारीक कानस घेऊन टोकावरून फिरवून दाखवली. "अवघड काही नाही. चोच म्हणजे तरी काय, आपल्या नखांसारखीच, शिंगासारखी वस्तू."

"शिंगासारखी," आत्या म्हणाली.

परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. टोपली मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. मला वाटलं, कालच्या रक्ताचं मनाला लागलंय. उतरायच्या थोडं आधी ती म्हणाली, "तुला वास आला का, तिने कानस फिरवली तेव्हा?"

आला होता. मला तो ओळखताही आला होता, फक्त कशाचा हे आठवत नव्हतं. तिने विचारलं आणि आठवलं. मी लहान असताना आत्या संध्याकाळी कामावरून यायची तेव्हा तिच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी पूड बसलेली असायची आणि अंगाला हाच वास यायचा. जळलेल्या केसांसारखा, पण त्याहून मऊ, तापलेल्या नखासारखा. आई नाक मुरडायची. मी मात्र आत्याच्याच कुशीत झोपायचे, आणि तिने केस धुतले की मला झोप यायची नाही.

कारखाना शिंगाच्या फण्यांचा होता. शिंगं गरम पाण्यात मऊ करायची, चिरून उलगडायची, दोन लोखंडी पाट्यांमध्ये दाबून सपाट करायची. मग पट्ट्या कापायच्या, करवतीने दात पाडायचे, आणि शेवटी ते दात एकेक करून घासायचे, म्हणजे केसात अडकणार नाहीत आणि डोक्याला टोचणार नाहीत. हे शेवटचं काम बायकांचं. मोठ्या खिडकीशी लांब बाक, बाकाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बायका. प्रत्येक जोडीत एक फणी. आत्याच्या समोर बसायची ती डावरी.

तिचं खरं नाव आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं, आमच्या घरी ती येऊन जायची तेव्हाही आजी म्हणायची, "डावरी आली गं." ती डाव्या हाताने काम करायची म्हणून सुरुवातीला तिला कुणी जोडीला घेईना. आत्याने घेतली. आणि मग मुकादमांच्या लक्षात आलं, की उजव्या हाताने घासलेले दात नकळत एका अंगाला झुकतात, डाव्या हाताने घासलेले दुसऱ्या. आणि या दोघींच्या हातांतून गेलेली फणी मात्र सरळ निघते. तेव्हापासून लग्नाच्या, भेटीच्या, नाजूक अशा सगळ्या फण्या या दोघींकडे यायला लागल्या. दोघी तोंडाने अखंड बोलायच्या आणि हात आपोआप चालायचे. कधी एखादीने काही सांगितलं की दुसरी हसून हसून कानस खाली ठेवायची, आणि मुकादम मान वाकडी करून बाकाशी येऊन उभे राहायचे.

पुढे प्लास्टिक आलं आणि कारखाना बंद पडला. आत्या एका इस्पितळात चादरी शिवायच्या खोलीत लागली, डावरी मुलाच्या संसाराला हात द्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. भांडण झालं नाही, काही बिनसलं नाही. आधी आठवड्याला भेटायच्या, मग महिन्याला, मग कुणाच्या तरी लग्नाला किंवा मयताला. मग तेही राहिलं.

आत्याने आठवड्याने स्वतः कानस हातात घेतली. कोंबडीला टॉवेलमध्ये बांधलं होतं आणि मी डोळे मिटून धरून बसले होते. पण तिच्या बोटांचे सांधे आता पूर्वीचे नव्हते. दोन-चार हात मारले की मूठ आखडायची. शिवाय तिने थोडं घासून पाहिलं आणि कानस ठेवून दिली.

"माझा हात वाकड्यात वाकडं करतोय," ती म्हणाली. "ज्या अंगाला झुकलीय तिकडंच लोटतेय मी तिला. हिला डाव्या हाताचं माणूस पाहिजे."

"मग डॉक्टरकडे नेऊ."

"नेऊ की. डॉक्टर चांगली आहे." पण ती उठली नाही. जरा वेळाने म्हणाली, "डावरीच्या मुलाचं चष्म्याचं दुकान आहे ना? त्याचा नंबर मिळतो का बघ तुझ्या त्या फोनवर."

मिळाला. मुलाने आईकडे फोन दिला. आत्याने ना कशी आहेस विचारलं, ना इतकी वर्षं कुठे होतीस. म्हणाली, "अगं, एक काम आहे. तुझी कानस आहे का अजून?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण आत्या खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

डावरी रविवारी आली. मुलगा तिला गाडीने सोडायला आला होता आणि अजूनही बुचकळ्यात होता. "मावशी, खरंच कोंबडीची चोच घासायची आहे?" त्याने विचारलं. "मला वाटलं आई चेष्टा करतेय."

"चेष्टा कसली? जा तू आता, संध्याकाळी ये," डावरी म्हणाली. बुटकी, गोल, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. हातात एक कापडी गुंडाळी. तिने दारातून आत येताना चौकटीला हात लावला, मग भिंतीला, मग खुर्चीच्या पाठीला. मला वाटलं, जुन्या घरात आलीय, सगळं हात लावून बघतेय.

अंगणात दोन स्टुलं समोरासमोर मांडली. आत्याने मुकादमिणीला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं आणि डोकं हलू नये म्हणून मागून दोन बोटांत धरलं. डावरीने गुंडाळी सोडली. आत तीन-चार कानशी होत्या, लाकडी मुठी काळ्या झालेल्या, पण पात्यांना गंज नाही.

"नाव काय हिचं?"

"मुकादमीण."

डावरीने हात पुढे करून कोंबडीची कलती मान चाचपली. "अगदी," ती म्हणाली. मग अंगठ्याने चोच वरून खाली चाचपली, कड, टोक, वळण. बराच वेळ तिचा अंगठा तिथेच फिरत राहिला. मग तिने कानस डाव्या हातात घेतली आणि एकाच दिशेने, हलक्या हाताने ओढायला सुरुवात केली. खस्स. खस्स. दोन-तीनदा ओढलं की थांबायची आणि अंगठा फिरवायची.

"गडद भाग किती लांब राहिला?" तिने विचारलं.

"आहे अजून. दाण्याएवढं अंतर आहे."

खस्स. खस्स. पांढरी पूड टॉवेलवर पडायला लागली. आणि तो वास उठला. दोघी एकदम थांबल्या. मी बाजूला भरडा कालवत होते, मीही थांबले.

"आला," डावरी म्हणाली.

"हं," आत्या म्हणाली.

त्यानंतर त्या दोघी ज्या बोलायला लागल्या त्या संध्याकाळपर्यंत. ती बाकाच्या टोकाची, जी डब्यात रोज एकच भाजी आणायची, ती कुठे असते? वारली. आणि दात पाडणारा तो उंच, ज्याला सगळ्या जणी मनातून नवरा करायला तयार होत्या? त्याला टक्कल पडलं. "बरं झालं," आत्या म्हणाली, "वाचलो." शिंग उकळायच्या हौदाशी हिवाळ्यात हात शेकायला जाणं, पगाराच्या दिवशी मुकादमांचं उगाच गोड बोलणं, खिडकीतून येणारं ऊन बाकावर सरकत सरकत डावरीच्या बाजूने आत्याच्या बाजूला आलं की जेवायची वेळ झाली हे कळणं. मी कितीतरी वर्षं आत्याच्या घरात राहतेय, पण यातलं अर्धं तिने मला कधी सांगितलं नव्हतं. सांगून मला कळलंही नसतं म्हणा.

मुकादमिणीला मोकळं केल्यावर ती अंग फुगवून उभी राहिली आणि वाडग्याकडे गेली. त्या दिवशी ती गहू टिपायला लागली नाही. पण चोच टेकवून भरडा उपसताना तिची धडपड जरा कमी झाली होती. माझ्या नवऱ्याने एक भली मोठी वीट आणून अंगणाच्या मधोमध ठेवली आणि प्लास्टिकचं भांडं गुपचूप माळ्यावर टाकलं.

मग रविवारचा पायंडाच पडला. मुलगा सोडायचा, न्यायला यायचा. तिसऱ्या का चौथ्या खेपेला मुकादमिणीने विटेवरचा एक दाणा टिपला आणि गिळला. आम्ही सगळेच अंगणात होतो. आत्या फक्त उठून चहा टाकायला गेली. आणखी थोड्या दिवसांनी मुकादमिणीने तरण्यांपैकी एकीच्या डोक्यात सणसणीत टोच मारली. तेव्हा मात्र आत्या म्हणाली, "झाली बरी."

एकदा मी चहाचा कप डावरीच्या पुढे धरला आणि ती तो घेईना. बघत होती माझ्याकडेच, हसतही होती, पण हात पुढे येईना. आत्याने ते पाहिलं. मी आत गेल्यावर तिचा आवाज मला खिडकीतून ऐकू आला.

"किती दिसतं तुला?"

कानशी गुंडाळीत ठेवल्याचा आवाज झाला.

"मी विचारते, किती दिसतं? इतके रविवार तू अंगठ्याने चाचपून घासतेस आणि मला विचारतेस गडद किती राहिलं. मला वाटलं, जुनी सवय."

"उजेड दिसतो. माणसाची आकृती दिसते. तू बोललीस की तू आहेस हे कळतं. मोतीबिंदूचा पडदा आलाय. पोरगा वर्षभर मागे लागलाय, ऑपरेशन कर म्हणून. रोज लोकांना चष्मे देतो आणि घरात आई ही अशी. पण डोळ्याला हत्यार लावणार म्हटलं की माझं अंग कापतं. त्याला सांगितलं, दिसतं मला बरंच."

"आणि जिन्यावरून पडलीस तर?"

"लिफ्ट आहे."

मला वाटलं आता आत्या रागावणार, पण ती म्हणाली, "ही मुकादमीण बघ. मागे डॉक्टरने हिला टॉवेलात बांधलं, तोंड उघडलं, दिव्यापुढे धरलं. ही निमूट बसली. हिचं डोकं केवढं आणि तुझं केवढं?"

"मला टॉवेलात बांधणार आहेस?"

"गरज पडली तर बांधीन. तुझं डोकं मागून दोन बोटांत धरायला मी येते. तिथे बाहेर बसते. पण करून घे."

डावरी हसली की रडली हे मला आतून कळलं नाही. पण पुढच्या रविवारी तिच्या मुलाने आत्याला दारातच गाठलं आणि हात जोडले. "मावशी, मी वर्षभर डोकं आपटलं. तुम्ही काय जादू केली?"

"मी काही केलं नाही," आत्या म्हणाली. "कोंबडीने केली."

ऑपरेशनला आत्या गेली. डोकं धरायला अर्थातच तिला कुणी आत घेतलं नाही. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली आणि आतून डावरी बाहेर आली तेव्हा डोळ्यावर पट्टी असूनही तिने विचारलं म्हणे, "आहेस का?" आत्या म्हणाली, "आहे." एवढंच बोलणं.

काही आठवडे डावरीला धूळ, वाकणं, प्रवास सगळं बंद. इकडे मुकादमिणीची चोच कुणासाठी थांबणार होती? विटेने थोडीफार झिजायची, पण वाकडेपणा पुन्हा डोकं वर काढायला लागला. आत्या जिवापाड भरडा कालवत राहिली. मी एकदा डॉक्टरकडे नेऊन आणली, तिने सफाईने घासूनही दिली आणि आत्याने तिचे आभार मानले. पण घरी आल्यावर आत्या कोंबडीला म्हणाली, "चांगलं केलंय हं. पण गप्पा नव्हत्या."

डावरीच्या डॉक्टरने परवानगी दिली, त्या रविवारी आत्याने वाट बघितली नाही. मुकादमिणीला टोपलीत घातलं आणि आम्ही दोघी बसने डावरीच्या घरी निघालो. उंच इमारत, चकचकीत लिफ्ट. आमच्याबरोबर एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन आत शिरले. टोपली हलली आणि मुकादमिणीने आपलं मत दिलं. गृहस्थांनी पिशवी छातीशी धरली आणि आपला मजला यायच्या आधीच उतरून गेले.

दार डावरीने उघडलं. डोळ्यांवर मोठ्या काचांचा साधा चष्मा होता, मुलाने धूळ जाऊ नये म्हणून दिलेला. ती दारात उभी राहून आत्याकडे बघायला लागली. वरून खाली, खालून वर, मग चेहऱ्याकडे. आत्याही तशीच उभी. आत ये म्हणायचं डावरी विसरूनच गेली होती.

"काय गं?" आत्या म्हणाली.

"अगं," डावरी म्हणाली, "तू किती म्हातारी झालीस."

आत्याने टोपली खाली ठेवली. "आणि तू काय? आरसा बघितलास का?"

"बघितला. दोन दिवस कुणाशी बोलले नाही." आणि मग त्या दोघी दारातच हसायला लागल्या. डावरीने चष्मा काढून डोळे पुसायला हात नेला, आणि डोळ्यांना हात लावायचा नाही हे आठवून हात तसाच वर धरून हसत राहिली. "मला वाटायचं, बाकाच्या पलीकडे होतीस तशीच आहेस. आवाज तोच आहे ना तुझा."

गॅलरीत कुंड्या बाजूला सरकवून दोन स्टुलं मांडली. आत्याने कोंबडी धरली. डावरीने प्रथमच तिला डोळ्यांनी पाहिलं. मान, ठिपके, ती कलती नजर. "अगं खरंच तोच मुकादम," ती हळूच म्हणाली. "मी आपलं तुझं मन राखायला 'अगदी' म्हणाले होते."

मग तिने कानस घेतली आणि वाकून, नीट बघून, घासायला लागली. आणि जमेना. कानस घसरायची. मुकादमीण डोकं मागे घ्यायची. डावरीला आता चोचीवरची प्रत्येक रेघ दिसत होती, तो गडद भाग दिसत होता, आणि त्यामुळे तिला भीती वाटायला लागली. दोन-तीनदा तिने हात मागे घेतला.

"लागेल तिला," ती म्हणाली. "इतकं जवळ असतं ते रक्त? मी याच्या इतक्या जवळून घासत होते?"

"दर रविवारी घासत होतीस. मीट डोळे."

डावरीने डोळे मिटले. अंगठ्याने चोच चाचपली, वरून खाली, कड, टोक, वळण. तिचा खांदा सैल झाला. खस्स. खस्स. पांढरी पूड तिच्या चष्म्याच्या काचेवर आणि आत्याच्या भुवयांवर बसत गेली. त्या दोघी कुणाच्या तरी लग्नात पंगतीतून उठवलेल्या मुकादमांची गोष्ट सांगायला लागल्या, जी मी तोवर ऐकली नव्हती आणि जी त्यांना एकमेकींना सांगायचीही गरज नव्हती, कारण दोघीही तिथे होत्या.

दुपारी डावरीचा मुलगा दुकानातून जेवायला आला. गॅलरीत कुंडीतल्या मातीत एक कोंबडी पाय झाडून मजेत उकरत होती, त्याच्या बायकोची रोपं उपटून पडली होती, आणि दोन म्हाताऱ्या बायका शेजारी शेजारी पाय पसरून बसल्या होत्या. तो काही क्षण बघत उभा राहिला आणि मग आत जाऊन त्याने आपल्या बायकोला फोन केला, की येताना रोपं घेऊन ये, आणि हो, चहाला माणसं आहेत.

मुकादमीण त्यानंतर पूर्ण एक उन्हाळा, पावसाळा आणि अर्धा हिवाळा जगली. शेवटपर्यंत विटेवरचे दाणे स्वतः टिपत होती. एका सकाळी ती खुराड्यातून बाहेर आली नाही. आत्याने तिला अंगणाच्या कडेला, जिथे दुपारचं ऊन सगळ्यात उशिरापर्यंत राहतं, तिथे पुरलं. त्या रविवारी डावरी आली तेव्हा कानशींची गुंडाळी सवयीने घेऊनच आली होती. तिने ती मांडीवर ठेवली, आणि दोघी जणी तरण्या कोंबड्यांकडे बघत अंगणात बसून राहिल्या. तरण्याही आता तेवढ्या तरण्या राहिल्या नव्हत्या.